स्क्रीनशॉटचा धाक

मे २०२०. टाळेबंदीत घरोघरी मुलं मोबाइलला चिकटलेली असताना दिल्लीतल्या शाळकरी मुलग्यांचा एक इन्स्टाग्राम ग्रुप उघडा पडला. नाव ‘बॉइज लॉकर रूम’. मुलींचे फोटो त्यांच्या नकळत टाकायचे आणि अंगावर शेरे मारायचे, हा तिथला उद्योग. स्क्रीनशॉट फिरले, मुलींनी आवाज उठवला आणि निवाडाही लगेच झाला: मुलगे असेच.

आठवड्याभरात पोलिसांनी सांगितलं, की सोबत फिरत असलेला सगळ्यात भयंकर संवाद, अत्याचाराचा बेत सुचवणारा, त्या ग्रुपमधला नव्हताच. तो स्नॅपचॅटवरचा होता आणि बेत सुचवणारा ‘मुलगा’ प्रत्यक्षात मुलगी होती. खोटं नाव घेऊन, स्वतःवरच्याच अत्याचाराची कल्पना मांडून ती समोरच्या मुलाची पारख करत होती. (ग्रुपमधल्यांचं पाप यानं कणभरही हलकं होत नाही. सांगावं लागतं, कारण ही बातमी आल्यावर बऱ्याच काकांना हायसं वाटलं असणार.)

मुलगे आणि मुलींची नैतिक समजच वेगळी असते का? नैतिक विकासाच्या टप्प्यांची सुप्रसिद्ध शिडी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी शिकागोच्या मुलग्यांना प्रश्न विचारून बांधली. त्यांच्या मूळ अभ्यासात मुलगी एकही नव्हती. त्यांच्याच क्षेत्रातल्या कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये यावर बोट ठेवलं. न्यायाच्या भाषेशेजारी नात्याची, काळजीची भाषाही असते आणि मुलींच्या बोलण्यात ती अधिक ऐकू येते, असं त्यांचं म्हणणं. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा मुलगे-मुलींत फरक निघाला, पण लहानसा. मग ऑनलाइन वागण्यात एवढी दरी कशी?

मला वाटतं, ती भुर्दंडातून येते. फोटो टाकताना मुलगी दहादा विचार करते. स्क्रीनशॉट फिरला तर तिचे कपडे, तिच्या घरचं वळण, सगळं चव्हाट्यावर येणार. फोनही काढून घेतला जाणार. मुलग्याला फार तर दोन रपाटे, मग ‘वयच तसलं’. या धाकालाच आपण मुलीचा समजूतदारपणा म्हणतो. मुलग्याचा भुर्दंड निराळा: ग्रुपमध्ये हसला नाही तर ‘बायल्या’. एकट्याला गाठून विचारलं तर हे वाईट, असं त्यातले बरेचजण सांगतील. पण चारचौघांत अंगठा वर करतील. मुलग्याच्या नावाआड जाताच त्या मुलीलाही हीच भाषा सुचली. मुलगे आपसांत असंच बोलतात, हे तिनं कुठेतरी गृहीत धरलं असावं.

आणि स्नॅपचॅटवरचा तो मुलगा? त्यानं नकार दिला, त्या खात्याशी बोलणं तोडलं, स्क्रीनशॉट काढून मित्रांना दाखवला. ज्या मुलीविषयी ते बोलणं होतं, तिलाही दाखवला. ती काही बोलली नाही. खातं तिचंच होतं.