न दिसणाऱ्या दोषाचे अनुमान

पहिला गिअर पडत नाही, रिव्हर्सला करकर होते. गाडी गॅरेजमध्ये येते आणि कोणीतरी लगेच सांगून टाकतो, 'क्लच प्लेट गेली.' प्लेट तर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये बंद. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसायची नाही. जे डोळ्यांना दिसत नाही त्याबद्दल ठामपणे बोलण्याचा अधिकार माणसाला कशाने मिळतो? न्यायदर्शनाने हा प्रश्न शतकानुशतके लावून धरला.

अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त डोंगरावरचा धूर येतो. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की असेल तरच धुरावरून अग्नीचे अनुमान होते. उलट दिशेने ते चालत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो; धुरासाठी ओले सरपण लागते. नैयायिक अशा दडलेल्या अटीला उपाधी म्हणतात. गॅरेजमधली कितीतरी चुकीची निदाने ती न शोधल्यामुळेच होतात.

क्लच नीट सुटला नाही तर गिअर अडतो, हे खरे. पण गिअर अडला म्हणजे क्लचच बिघडला, असे नाही. लिंकेजचे बुश झिजलेले असतील, सिंक्रोनायझर रिंग गेलेली असेल, ऑइल चुकीच्या ग्रेडचे असेल. म्हणून जाणता मिस्त्री आधी इंजिन बंद करून गिअर टाकून पाहतो. बंद इंजिनावर सगळे गिअर अलगद पडले आणि इंजिन चालू होताच अडले, तर क्लच सुटत नाही. बंद इंजिनावरही अडले, तर लिंकेज किंवा गिअरबॉक्स बघायचा. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडू लागला, तर हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा शिरल्याचा किंवा मास्टर सिलिंडर खराब झाल्याचा संशय घ्यावा. प्लेटला हात लावायची घाई नको. एक गोष्ट काढून पाहायची, एक ठेवून पाहायची: अन्वय-व्यतिरेक तो हाच.

चढावर आरपीएम वाढतात, वेग वाढत नाही, जळका वास येतो. इथे दोष नेमका उलटा: क्लच पकडत नाही.

अनुमानच न मानणाऱ्या चार्वाकांचा आक्षेप मात्र हलका नाही. सगळ्या काळांतले सगळे धूर पाहिले कोणी? दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त त्याला उत्तर दिले: शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्याच वागण्याशी जिथे तिचा विरोध येतो, तिथे शंका संपते. धूर हवा असलेला माणूस विस्तवच पेटवतो, हे नैयायिक गंगेशाने पुढे दाखवले. हे उत्तर पूर्ण खात्री देत नाही, तरी ते प्रामाणिक आहे. कारण ते माणसाला कृतीपर्यंत आणून सोडते. गॅरेजमध्येही तसेच: पेडल दाबल्यावर गरगर सुरू झाली तर रिलीज बेअरिंगवर संशय, न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर झाली तर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर, इतके बाहेरून ठरवता येते. बेअरिंग किती झिजले, हे मात्र गिअरबॉक्स उतरवल्यावर प्रत्यक्षच सांगते.