ताळा आणि सत्य
आमच्या या बंगळूरात जन्मलेल्या शकुंतलादेवींनी १९८० साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ७६,८६,३६,९७,७४,८७० आणि २४,६५,०९,९७,४५,७७९ यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी सांगितला: १,८९,४७,६६,८१,७७,९९,५४,२६,४६,२७,७३,७३०. या सव्वीस अंकांची बेरीज १३८. पुनःपुन्हा बेरीज करिता शेवटी उरतात ३. मूळ संख्यांचे असेच ६ व २ उरतात. त्यांचा गुणाकार १२, म्हणजे पुन्हा ३. ताळा जमला!

परंतु उत्तरातील कोणत्याही दोन अंकांची अदलाबदल केली, तरी बेरीज तीच, ताळा जमतोच. न जमलेला ताळा चूक सिद्ध करितो. जमलेला ताळा सत्य सिद्ध करीत नाही. आम्ही कारकून मंडळी आयुष्यभर ताळेच जमवितो. ताळा जमल्यावर, वर विचारणारे कोणी नसताही, मूळ कागद पुन्हा उघडणे, ही आमच्या मते सचोटीची खरी कसोटी होय.