चवीचा निवाडा

मराठी नोकरदार लखनौस बदलून आला, की पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्यापुढे एक खटला उभा राहतो, आणि त्या खटल्यात वादी, साक्षीदार व न्यायाधीश या तिन्ही भूमिका त्याच्याच वाट्याला येतात. हापूस श्रेष्ठ की दशहरी? कचेरीत जेवणाच्या सुट्टीत हा विषय निघतो, शेजाऱ्यांकडे निघतो, आणि मलिहाबादेस कोणाच्या बागेत पाहुणे म्हणून गेल्यावर तर निघाल्यावाचून राहत नाही. वाचकांपैकी बहुतेकांवर हा प्रसंग आलेला असेल. अशा वेळी आपण एकतर घरचा अभिमान राखतो किंवा यजमानाचे मन राखतो. परंतु या राखाराखीत सत्याचे काय होते? मुळात चवीच्या बाबतीत सत्य म्हणून काही असते काय?

‘ज्याची त्याची आवड’ हे या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर. ते सोयीचे आहे यात शंका नाही. भांडण मिटविण्यास त्यासारखे साधन नाही. परंतु ते खरे मानणारा गृहस्थही बाजारात पेटी उघडून नासका आंबा परत करतो, आणि तो परत करताना ‘मला आवडला नाही’ असे न म्हणता ‘हा वाईट आहे’ असेच म्हणतो.

आमच्या विचारास खरी धार आली ती मात्र आंब्यामुळे नव्हे, एका कडू पेयामुळे. रजेवर पुण्यास गेलो असता एका स्नेह्याने ‘इंडिया पेल एल’ नावाची बिअर आमच्यापुढे ठेविली. (केंद्रीय नागरी सेवेच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील बावीसावा नियम आम्हांस ठाऊक आहे, कामावर नसताना व शुद्धीवर राहून घेतलेल्या अर्ध्या पेल्यास त्याची आडकाठी नसावी.) लहान प्रमाणावर, हातच्या कसबाने बिअर गाळणाऱ्या शाळा पुण्यात २००९ पासून निघाल्या. त्यांतील पहिलीचे ‘डूलाली’ हे नाव आपल्या देवळालीच्या इंग्रजी अपभ्रंशावरून घेतलेले आहे, हे कळल्यावर आमची थोडी करमणूक झाली. या पेयाच्या नावात हिंदुस्थान असला तरी जन्म विलायतेतला. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो येथील हॉजसन आपली बिअर कंपनीच्या जहाजांतून इकडे पाठवीत असे. पुढे १८२० नंतर बर्टन गावच्या व्यापाऱ्यांनी तो धंदा काबीज केला. हॉप नावाच्या वेलीची फुले भरपूर घातली म्हणजे बिअर टिकते, आणि त्याच फुलांमुळे ती कडू होते. बर्टनच्या पाण्यात जिप्सम पुष्कळ. त्याने तो कडवटपणा अधिक स्वच्छ व खडखडीत लागतो.

पेल्यातील रंग तांबूस सोनेरी होता. वास संत्र्याच्या सालीचा, थोडा चिडाच्या लाकडाचा. पहिला घोट घेतला आणि गुढीपाडव्याचा कडुनिंब आठवला. स्नेही म्हणाले, “ही चव शिकावी लागते.” आम्हांस हे वाक्य प्रथम उद्धट वाटले. परंतु लहानपणी जे कारले आपण ताटाखाली दडवीत होतो, तेच आज सासुरवाडीस आग्रहाने मागून घेतो. तेव्हा शिकावी लागते हे खरेच. प्रश्न एवढाच, की शिकलेल्या जिभेला न शिकलेल्या जिभेवर अधिकार मिळतो काय?

त्या स्नेह्यांपाशी बिअरच्या परीक्षकांची गुणपत्रिका होती. सुवासास १२, रूपास ३, चवीस २०, तोंडात जाणवणाऱ्या स्पर्शास ५ आणि समग्र प्रभावास १०, एकूण ५०. वर्षाकाठी माणसांनाही एक ते दहा गुण देणाऱ्या व्यवस्थेत दिवस काढणाऱ्या आम्हांस ती फार जवळची वाटली. रूपास अवघे तीनच गुण, हे विवाहमंडळांनी ध्यानी घेण्याजोगे आहे. परंतु खरे मर्म निराळे. ‘तुम्हांस आवडले काय?’ असे ही पत्रिका प्रथम विचारीतच नाही. काय काय जाणवले ते लिहा, आणि या जातीच्या पेयात जे असावे ते यात आहे काय ते सांगा, असे ती म्हणते. ज्याला कडू सोसत नाही त्या परीक्षकानेही कडवटपणा स्वच्छ असेल तर पूर्ण गुण द्यावयाचे; आणि गोडसर व पिण्यास सुखद असलेल्या, पण कडवटपणाच नसलेल्या पेल एलला खाली उतरवावयाचे. आवड आणि निर्णय यांची अशी फारकत करता येते, इतकेच नव्हे तर ती करणे हे परीक्षकाचे कर्तव्य होय. जाता जाता एक नवल: सिट्रा नावाच्या अमेरिकन हॉपच्या वासाचे वर्णन करताना हे परीक्षक आंब्याचे नाव घेतात. कोणता आंबा, हे लिहीत नाहीत. मराठी परीक्षक असता तर ही चूक घडती ना!

ही रीत आंब्यास लावून पाहावी. दशहरीचे वचन हापूसचे नव्हे. लांबट घाट, पातळ साल, चपटी कोय, रेषा नसलेला गर, मंद वास आणि निर्भेळ गोडी हे तिचे वचन. हापूसने केशरी गर, दाटपणा आणि खोलीभर दरवळणारा वास यांचे वचन दिलेले आहे. आणि कापल्यावर आत साका निघाला तर त्याने ते मोडले असे म्हणावे लागते. गालिबाची आंब्याविषयी मागणी दोनच गोष्टींची होती असे सांगतात: गोड असावा आणि पुष्कळ असावा. या कसोटीत वासास गुणच नाहीत. ती उत्तरेची कसोटी आहे. तिच्यावर हापूस तोलणे हे जितके अन्यायाचे, तितकेच वासाच्या कसोटीवर दशहरी तोलणे अन्यायाचे.

येथे कोणी म्हणेल, ही पळवाट झाली. जातीजातीत न्याय केलात, श्रेष्ठ कोण ते सांगितलेच नाही. डेव्हिड ह्यूमने १७५७ मध्ये रुचीच्या प्रमाणाविषयी निबंध लिहिला, त्यात सर्व्हांतेसच्या कादंबरीतील गोष्ट येते. पिंपातले मद्य चाखून एकाने चामड्याचा वास सांगितला, दुसऱ्याने लोखंडाचा; लोक हसले; पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली निघाली. पदार्थात जे आहे ते ओळखणारी जीभ आणि न ओळखणारी जीभ यांत भेद आहे, हे या गोष्टीने सिद्ध होते. पण किल्ली सापडल्यावर ते मद्य कोणाला आवडावे, हे सिद्ध होत नाही. कालिदासाने हे अधिक नेमके पाहिले होते. रघुवंशाच्या सहाव्या सर्गात इंदुमती अंगराजास सोडून पुढे जाते, तेव्हा कवी दोघांनाही दोष देत नाही: तो स्पृहणीय नव्हता असे नाही, आणि तिला पारख नव्हती असेही नाही. नकारासाठी कोणी अपराधी असावाच लागतो, हा आपला समज तेथे गळून पडतो.

शिवाय आमच्या खटल्यात एक तांत्रिक दोष आहे, तो कोणी काढलेला आम्ही ऐकला नाही. कोकणचा हापूस एप्रिल-मेचा. मलिहाबादची दशहरी जूनच्या सुमारास पिकू लागते. ऐन भरातले दोन्ही आंबे एका ताटात येणे कठीण. म्हणजे मलिहाबादेत दशहरी जिभेवर असते आणि हापूस आठवणीत. आठवणीत तर आजोळ असते, पेंढ्यातली अढी असते, आज नसलेली माणसे असतात. अशा साक्षीदाराची उलटतपासणी कोण घेणार?

हे सारे आम्ही मनाच्या करमणुकीसाठी लिहीत नाही. आमची कन्या लखनौत वाढली. मे महिन्यात देवगडहून पेटी येते. घरात उत्सव होतो. मागल्या वर्षी तिने दोन फोडी खाल्ल्या आणि शांतपणे म्हणाली, “बाबा, याला वास फार आहे. मला दशहरीच आवडते.” तिच्या आईचा चेहरा उतरला. आमच्याही ओठांवर त्या स्नेह्यांचेच वाक्य आले होते: ही चव शिकावी लागते. शिकविणे हा आईबापांचा हक्क आहे. भाषा आपण अशीच शिकविली. परंतु भाषेत शिकविण्याजोगे ज्ञान आहे, आवडीत नाही. जिभेकडून निष्ठेची शपथ घेऊ लागलो तर मूल खोटे बोलावयास शिकेल, हापूस खावयास नव्हे. म्हणून तिला एवढेच सांगितले, की डोळे मिटून आणखी एक फोड खा आणि काय काय जाणवते ते सांग. तिने पाच गोष्टी सांगितल्या. त्यांतील एक, सालीजवळची किंचित तुरट कड, आम्हांस चाळीस वर्षे जवळ आली तरी जाणवलेली नव्हती. मग तिने दशहरीच मागितली. ती यावयास अजून महिना होता.

मलिहाबादेतील बागवान हे आपणांहून शहाणे असावेत. पद्मश्री मिळालेल्या कलीमुल्ला खानांनी एकाच झाडावर तीनशेंच्या वर जातींची कलमे बांधिली; मुळे एक, पाणी एक, तरी प्रत्येक फांदी आपली चव सोडीत नाही. आता कोणी विचारले की आम्ही म्हणतो, “आपली दशहरी उत्तम आहे, आमचे मन हापूसपाशी आहे.” यजमान हसतात व आणखी एक बादलीतून काढून देतात. पुढे बोलणे वाढलेच, तर आम्ही एवढे सांगतो की दशहरीचा नीलमशी संकर करून मल्लिका झाली, आणि कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ साली दिलेला रत्ना हा नीलम व हापूस यांचा. दोन्ही घराण्यांनी सोयरीक केली ती दक्षिणेतल्या एकाच नीलमशी. आणि त्या नीलमच्या बाजूने या खटल्यात वकीलपत्र घेणारा आम्हांस अद्याप भेटलेला नाही.