पाहुणा की भक्ष्य?

धाडच्या एखाद्या तळ्यातील थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. कदाचित हिरवा पॅरामेशियम दिसेल. देह एकाच पेशीचा, लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. अंगावरील केसांसारख्या तंतूंनी तो पोहतो, त्यांच्याच हालचालीने जीवाणू मुखाकडे लोटतो. काही शैवालपेशी मात्र तो गिळूनही पचवीत नाही. त्या त्याच्या देहात शेकड्यांनी नांदतात. त्या त्याला साखर व प्राणवायू देतात. तो त्यांना नत्र पुरवतो, उजेडाकडे नेतो. बंधुप्रेमावरील प्रवचनात हा दाखला किती शोभेल! परंतु दीर्घकाळ अंधारात ठेवले, की तो त्यांनाच पचवू लागतो. त्याला दोष कसला? निवडीचे स्वातंत्र्य परमेश्वराने त्याला दिलेले नाही, ते आपणास दिले. सालदाराला आपण घरचाच माणूस म्हणतो. दुष्काळाच्या वर्षी ते नाते कितपत उरते?