रडायला परवानगी

समाचाराला येणारी माणसे मोठी घाईत असतात. चपला काढता काढताच कोणी 'सुटले बिचारे' म्हणतो. दुसरा खाली बसायच्या आत आत्मा अमर असल्याचे सिद्ध करून मोकळा होतो. असेल बुवा! पण वहिनींनी संसार केलेला असतो तो काही आत्म्याशी नव्हे. चहात साखर कमी पडली की कुरकुरणाऱ्या एका देहाशी. आणि नेमका तोच आता नसतो.

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती मास्तर राहतात. त्यांच्यापाशी हा विषय काढला, तर त्यांनी बायबल माझ्या हातात दिले आणि 'योहान, अध्याय अकरावा' एवढेच म्हणाले. मास्तरच ते, धडा नेमून दिला की गप्प!

गोष्ट बेथानी गावातली. लाजर आजारी पडतो. मार्था आणि मरीया या त्याच्या बहिणी येशूला निरोप धाडतात. येशू आहे तिथेच आणखी दोन दिवस राहतो. पोहोचतो तेव्हा लाजराला कबरीत ठेवून चार दिवस झालेले. वेळेवर आला असतात तर हा प्रसंग आला नसता, हे मार्था तोंडावर ऐकवते. शेवटच्या दिवशी मेलेले उठणार, हे तिला पाठ आहे. तरी कबरीवरची धोंड काढायची म्हटल्यावर तीच हरकत घेते, की आता वास येत असेल. श्रद्धा कितीही असो, घर चालवणाऱ्या बाईचे नाक शाबूत असते!

पण मी थबकलो तो धोंड हलण्याआधीच्या एका वाक्यापाशी. मराठीत अवघे दोन शब्द. येशू तिथे रडतो. आता बघा, घटकाभरात लाजर चालत बाहेर येणार हे कोणाला ठाऊक असेल, तर ते त्यालाच. आपण असतो तर म्हटले असते, 'अहो, डोळे पुसा, आता गंमत बघा!' तो मात्र आधी रडून घेतो. शेवट गोड आहे म्हणून मधले दुःख खोटे ठरवत नाही. मला वाटते, ख्रिस्ती श्रद्धेतला खरा धीर इथे आहे. पुनरुत्थानाचे आश्वासन आहेच. पण त्याआधी रडायला परवानगी आहे.

इंग्रजीतला 'सेमेटरी' हा शब्द मूळ ग्रीक. अर्थ, झोपायची जागा. मास्तरही माणूस 'प्रभूमध्ये निजला' असेच म्हणतात. निजलेल्याला कोणीतरी उठवणार, हे त्यात आलेच. तरी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वसईकडे कबरींवर फुले नि मेणबत्त्या घेऊन येणाऱ्यांना कोणी डोळे कोरडे ठेवायला सांगत नाही.

बाराव्या अध्यायात लाजर पंगतीला बसला आहे आणि मार्था वाढते आहे. पुढे कधीतरी तो पुन्हा मेला असणारच. मार्था मागे राहिली असेल, तर पुन्हा रडली असेल; आणि एकदा चमत्कार पाहिलाय म्हणून कमी रडली असेल, असे मला वाटत नाही. रडून झाल्यावर एक पान जास्त मांडायची सवय मात्र तिने मोडली नसेल.