शिक्षकांनी गप्प बसायचा तास

‘श्यामची आई’मधला पोहण्याचा प्रसंग मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. पाण्याच्या भीतीनं श्याम लपून बसतो, आई त्याला शिंपटीनं झोडपते आणि विहिरीवर धाडते. पाठ म्हणून हा प्रसंग शिकवला, की स्वाध्यायात प्रश्न येतो : यातून आईचा कोणता गुण दिसतो? उत्तर मार्गदर्शकात छापलेलं असतं. तेच प्रकरण आठवीच्या पाच मुलांना वाचून आपापसांत बोलू दिलं, तर एखादी मुलगी सरळ विचारेल, ‘पण मारायची काय गरज होती?’ शाळेत मुलांना मारायला २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे, हेही ती सुनावेल. दुसरा म्हणेल, मारलं नसतं तर तो उतरलाच नसता. तिसरा पुस्तक उघडून आई नंतर त्याच्याशी काय बोलते, ते वाचून दाखवेल.

आता सगळ्यांच्या माना शिक्षकांकडे वळतात. कोण बरोबर? त्यांनी निकाल दिला, की चर्चा तिथंच संपते.

वर्गातल्या बोलण्याची ही घडण ह्यू मेहान या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७९ साली नेमकी टिपली होती. शिक्षक विचारतात, मूल उत्तर देतं, शिक्षक बरोबर-चूक ठरवतात. पुन्हा पुढचा प्रश्न. त्याच दशकात मेरी बड रो या शिक्षणसंशोधिकेनं विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं, तर मुलांची उत्तरं लांबत आणि गप्प राहणाऱ्यांची संख्या घटे.

मुलांनी एकच पुस्तक वाचून त्यावर आपापसांत बोलायचं, अशा पुस्तकगटांना ही घडण मोडायची असते. रॉबर्ट हचिन्स आणि मॉर्टिमर ॲडलर यांनी १९४७ साली शिकागोत ‘ग्रेट बुक्स फाउंडेशन’ सुरू केलं, ते प्रौढ वाचकांसाठी. पुढे त्याचे मुलांसाठीही कार्यक्रम निघाले. तिथला एक दंडक आजही उपयोगी आहे : ज्या प्रश्नाचं पक्कं उत्तर आपल्यापाशी नाही, तोच चर्चा चालवणाऱ्यानं विचारायचा. ‘बनगरवाडी’चं उदाहरण घ्या. राजाराम मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा रुजवतो, तालीम उभी करतो आणि मग दुष्काळात वाडीच ओस पडते. मास्तरचं काम वाया गेलं का? माडगूळकरांची कादंबरी दहादा शिकवलेल्या शिक्षकालाही हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारता येतो.

हार्वी डॅनियल्स यांच्या १९९४च्या पुस्तकामुळे ‘लिटरेचर सर्कल’ हे नाव अमेरिकी शाळांत सर्वतोमुखी झालं. चार-पाच मुलांचा गट, पुस्तक गटानं निवडलेलं, वेगवेगळ्या गटांची पुस्तकं वेगवेगळी. सुरुवातीला बोलायचं कसं हे कळावं म्हणून मुलांना कामं वाटून दिली जात : एकानं प्रश्न काढायचे, एकानं चित्र काढायचं, एकानं अवघड शब्द शोधायचे, एकानं गोष्टीचा आपल्या जगण्याशी धागा जोडायचा. त्यासाठी छापील तक्ते होते. हे तक्ते इतके लोकप्रिय झाले, की कित्येक वर्गांत मुलं पाळीपाळीनं आपापला कागद वाचून दाखवू लागली आणि चर्चा राहूनच गेली. २००२च्या सुधारित आवृत्तीत खुद्द डॅनियल्स यांनीच बजावलं की हे तक्ते तात्पुरते आहेत. मुलं बोलती झाली की ते बाजूला ठेवा.

आपल्याकडे हा धोका जास्त. कोणताही उपक्रम आला की त्याचा नमुना, नोंदवही आणि फोटो मागितला जातो. इंग्लंडमध्ये शिक्षकी केलेले लेखक एडन चेंबर्स यांनी सुचवलेली सुरुवात त्यापेक्षा सोपी आहे. काय आवडलं, काय आवडलं नाही, काय कोड्यात टाकणारं वाटलं आणि पुन्हापुन्हा येणारं असं काय दिसलं, एवढंच विचारायचं. यातलं तिसरं सर्वांत मोलाचं, कारण ‘मला हे कळलं नाही’ असं म्हणणारं मूल तिथं मागे पडत नाही. गटाला तेच विषय पुरवतं.

गुणांचा प्रश्न उरतो, पण तो वाटतो तेवढा अवघड नाही. आठवीपर्यंतच्या आकारिक मूल्यमापनात निरीक्षण आणि तोंडी काम यांना आधीच जागा आहे. कोणी पुस्तकातला दाखला दिला, कोणी दुसऱ्याचं ऐकून मत बदललं, याच्या दोन ओळी शिक्षक लिहू शकतात.

खरी अडचण कपाटात आहे. शाळेचं ग्रंथालय सहसा एका पुस्तकाची एकच प्रत घेतं. पन्नास नावं, पन्नास प्रती. पन्नास मुलांच्या वर्गाचे पाच-पाचांचे दहा गट केले, तर पैसे पन्नास प्रतींचेच लागतात, फक्त दहा पुस्तकांच्या पाच-पाच प्रती घ्याव्या लागतात. गटांनी त्या आपसांत फिरवल्या की वर्षभर पुरतात. यादीत नावं कमी आणि प्रती जास्त का, हे खरेदीच्या वेळी मुख्याध्यापकांना पटवून द्यायची तयारी मात्र ठेवायला हवी.