गोंगाटाची घडी

2016 च्या मे महिन्यात डोंबिवलीत कुठेही उभं राहिलं तरी 'झिंगाट' कानावर यायचं. हे गाणं ज्यातलं तो 'सैराट' सिनेमा 29 एप्रिलला लागला होता आणि लग्नसराई ऐन भरात होती. मानपाडा रोडवरची वरात, कोपरच्या बाजूचा हळदीचा डीजे, रिक्षावाल्याचा फोन, समोरच्या बिल्डिंगमधल्या बारशाचा स्पीकर. आठवडाभरात मी खिडक्या लावून घ्यायला लागलो. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढे जे म्हणणार आहे ते हे गाणं पहिल्यापासून आवडलेल्या माणसाचं म्हणणं नाही.

मला आवडलं होतं त्याच सिनेमातलं 'याड लागलं', आणि ते आवडणं सोपं होतं. पडद्यावर पोरगा पळतोय, मागे व्हायोलिनचा लोट उठतोय. शिवाय पेपरात छापून आलं होतं की संगीतकार अजय-अतुलनी हे संगीत हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर, साठाहून अधिक वादकांच्या सिंफनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलं. तो हॉल मूळचा एमजीएम कंपनीचा; 1939 च्या 'विझर्ड ऑफ ऑझ'चं संगीत तिथेच ध्वनिमुद्रित झालं. एवढं वाचल्यावर डोंबिवलीकराची छाती फुगणारच. आमच्या गावाला सांस्कृतिक नगरी म्हणवून घ्यायची हौस आहे. व्हायोलिनचं नाव निघालं की आम्ही सावरून बसतो, बेंजोचं निघालं की खिडकी लावतो.

माझं मत बदललं ते आधी गाडीत. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. बोगदा सुमारे 1.3 किलोमीटर लांब, आणि दारात लटकलेल्या माणसाला तो दुप्पट वाटतो. कानात इयरफोन. 'याड लागलं' बोगद्यात शिरलं की त्याचं खालचं सगळं अंग, चेलो आणि डबल बास, चाकांच्या घरघरीत बुडून जायचं. व्हायोलिन धुरासारखी कुठेतरी वर राहायची आणि अजय गोगावलेचा आवाज एकटाच पुढे चालायचा. 'झिंगाट' मात्र ठाण्याच्या बाजूला जसंच्या तसं बाहेर पडायचं. ठेका शाबूत, शब्द शाबूत, सुरावटही शाबूत. न आवडणारं गाणं बोगद्यातून धड येतं आणि आवडणारं अर्धं विरघळतं, हे मला बरेच दिवस खुपत होतं.

कल्याण पश्चिमेला माझ्या एका मित्राचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे वन रूम किचनमधली रूम. तरुणपणी तो ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड वाजवायचा. ठाण्याचं गडकरी रंगायतन आणि कल्याणचं अत्रे रंगमंदिर या त्याच्या दोन पंढऱ्या. आता तो गाण्यांचं संयोजन करतो, म्हणजे गाणी 'लावतो'. हा त्याचाच शब्द. एप्रिलच्या आधी भीमगीतं, उन्हाळ्यात हळदीची, श्रावण लागायच्या आधी गणपतीची, असं त्याचं वर्ष. ज्या कल्याणात प्रल्हाद शिंद्यांचं घर होतं तिथे या धंद्याला तोटा नाही. त्याच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले नाहीत. "त्यानं आवाज अडत नाही, झुरळं तेवढी वाढतात," असं तो म्हणतो. त्याने गोधड्या टांगल्यात. मालगाडी जायला लागली की टेक थांबवायचा, तेवढ्यात चहा.

बोगद्याची गोष्ट मी त्याला सांगितली. तो काही बोलला नाही. चालू असलेलं एक हळदीचं गाणं त्याने उघडलं. स्क्रीनवर चाळीसेक आडव्या पट्ट्या. गाणं सुरू केलं आणि एकेक पट्टी बंद करत गेला. टाळ्यांचे तीन थर होते. दोन गेले तरी मला कळलं नाही, तिसरा गेला तेव्हा लग्नघर रिकामं झाल्यासारखं वाटलं. मग ढोलकी गेली. मग त्याने कीबोर्डचा एक अगदी बारीक, लांबवलेला सूर बंद केला, जो आहे हेच मला तोवर माहीत नव्हतं, आणि गायिका बेसूर झाली. म्हणजे झाली नव्हती. तिला टेकायला ठेवलेला सूर काढून घेतला होता.

"आता सांग, 'झिंगाट' लावायला सोपं आहे?" त्याने विचारलं. मग स्वतःच उत्तर दिलं, "गोंगाट मीही करीन. एवढा गोंगाट करून प्रत्येक शब्द ऐकू आणणं मला जमणार नाही."

मग बोगद्याचं कोडं उलगडलं. लोकलचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो, आणि तो आपल्याच पट्टीतल्या वाद्यांना आधी गिळतो. ऑर्केस्ट्राची सारी ऊब तिथेच साठलेली. 'झिंगाट'मध्ये ज्यावर गाणं उभं आहे ते सगळं त्या पट्टीच्या वर आणि तुटक, धारदार ठेवलंय. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खालचा बास जवळजवळ निघतच नाही, तरी त्या ठोक्याचं टोक निघतं, आणि टोक ऐकलं की बाकीचा धपका कान स्वतः भरून घेतो. म्हणजे हे गाणं थिएटरच्या भिंतीएवढ्या स्पीकरसाठी, हळदीच्या डीजेसाठी आणि रिक्षातल्या फोनसाठी एकाच वेळी शिवलेलं आहे. तिन्ही अंगांना बसेल असा सदरा शिवणारा शिंपी मी अजून पाहिलेला नाही.

खऱ्या वरातीशी ताडून पाहिलं की हे नीट उमगतं. वरातीत बेंजोवाला, ताशेवाला आणि ऑक्टापॅडवाला पूर्ण वेळ वाजवतात. थांबलो तर पैसे कापतील, अशी त्यांना भीती असावी. (आपला बेंजो मुळात जपानी. तायशोगोतो नावाचं टाइपरायटरसारख्या कळांचं वाद्य 1912 साली नागोयात निघालं, इकडे ते बुलबुलतरंग झालं, आणि पुढे त्याला पिकअप लावून आपण विसर्जनाला नेलं. नाव तेवढं अमेरिकेतून उचललं.) अजय-अतुलच्या वरातीत मात्र प्रत्येकाला थांबायची शिस्त आहे. ती बँडची आठवण करून देणारी तार सुरावट दोघांचे आवाज आले की बाजूला होते. आवाज श्वास घेतात तेवढ्या फटीत परत घुसते. तालवाद्यांचे थर एकमेकांच्या पायावर पाय देत नाहीत. मधेच सगळं क्षणभर तुटतं, नाचणाऱ्याला हात वर करण्यापुरतं, आणि पुन्हा कोसळतं. ऐकताना वाटतं, पन्नास माणसं बेभान वाजवतायत. प्रत्यक्षात इथे भान सुटलेलं एकही वाद्य नाही. बेभानपणाचं हे हिशेबी चित्र आहे, आणि हिशेब दिसू न देणं हा त्यातला सगळ्यात कठीण भाग.

मग हे कौतुक आपल्या तोंडून का निघत नाही? एक कारण साधं आहे. गाण्याबद्दल बोलायला आपल्याकडे चाल, शब्द, आवाज असे तीन शब्द आहेत. संयोजन हा चौथा शब्द कॅसेटच्या आतल्या कागदावर सगळ्यात बारीक अक्षरात असायचा. रेडिओवर गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं सांगितली जातात; संयोजकाचं कधी ऐकलंय? अर्थात नावं मिळण्याचा हा इतिहासच सावकाशीचा आहे. 1949 च्या 'महल'च्या तबकडीवर गायिका म्हणून लताबाईंचं नावसुद्धा नव्हतं, पडद्यावरच्या 'कामिनी'चं होतं. गायकाला नाव मिळालं, भांडून गीतकाराला मिळालं, आणि रांग तिथेच थांबली. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा होते, ठेक्यामागे दत्ताराम होते, मराठीत अनिल मोहिले होते. ही नावं वादकांच्या घरात आदराने घेतली जातात आणि श्रोत्यांच्या घरात माहीत नसतात. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांतही परीक्षक मुलीच्या हरकतीला टाळ्या वाजवतात. ती हरकत घ्यायला मागच्या मंडळींनी दोन मात्रा मोकळ्या सोडल्या, हे कुणी बोलत नाही.

दुसरं कारण जरा अडचणीचं आहे. सिंफनीतलं संयोजन आपण डोळ्यांनी ओळखतो: काळे कपडे, समोर स्वरलेखन, काठीवाला माणूस. तिथली शिस्त खरीच आहे. ते वादक समोर ठेवलेलं पान पहिल्याच वाचनात वाजवतात; मुंबईच्या स्टुडिओतलं "बघू, एकदा वाजवून बघ" तिथे चालत नाही, सगळं आधी कागदावर ठरलेलं लागतं. पण ज्या घरातून ते पान गेलं त्याच घरातून 'झिंगाट'ही आलं. एकाला आपण साधना म्हटलं आणि दुसऱ्याला धांगडधिंगा. आमच्या डोंबिवलीत गणेश मंदिराच्या बाजूला राहणारे आणि आजूबाजूच्या आगरी गावांत राहणारे यांच्या कानांत जे अंतर आहे, तेच इथे बोलतं, असं मला वाटतं. माझाही कान पहिल्याच बाजूचा. खिडकी मी लावली होती ती आवाज मोठा होता म्हणून, की तो कुणाच्या घरचा होता म्हणून, हे आता मला खात्रीने सांगता येत नाही.

आणि हे कळल्यावर 'याड लागलं'सुद्धा वेगळं ऐकू येऊ लागलं. आधी वाटायचं, ऑर्केस्ट्रा गाणं सजवायला आणलाय. पण शब्द करमाळ्याकडच्या बोलीतले, आवाज उघडा, जरा खरखरीत, पॉलिश न केलेला, आणि मासेमारी करणाऱ्या घरातल्या पोराचं पहिलं प्रेम. एवढ्या मोठ्या मापाचा आवाज आपल्या सिनेमात सहसा राजपुत्रांच्या वाट्याला येतो. इथे तो 'सैराट'च्या नायकाला, परश्याला दिलाय, आणि त्याची बोली सुधारून न घेता. उलट त्याच पोरांच्या नाचाच्या गाण्यात व्हायोलिनचा ताफा आणला नाही. तिथे गावचाच आवाज, पण नीट लावलेला. कुठे खर्च करायचा आणि कुठे हात आखडायचा, ही निवड चालीत नसते, संयोजनात असते. चाल बांधणारे आणि ती लावणारे इथे तेच दोघे भाऊ, म्हणून सांधा दिसत नाही. 2018 मध्ये 'धडक'साठी 'झिंगाट' हिंदीत गेलं तेव्हा बोली गेली, करमाळा गेला, तरी लोक नाचले. ते कशावर नाचले, याचा विचार करून पाहावा.

अजय-अतुलना नेहमीच हे साधतं असंही नाही. त्यांच्या काही हिंदी गाण्यांत ढोल, कोरस आणि पितळी वाद्यं एकदम दारात उभी राहतात आणि पाहुण्याला आत यायला जागा उरत नाही. पण रिकामी जागा कशी सोडायची हे ज्यांना 'जोगवा'च्या वेळी ठाऊक होतं, त्यांच्याकडेच ही तक्रार करता येते.

मागच्या उन्हाळ्यात मित्राने त्या दिवशीचंच हळदीचं गाणं, नवरीचं नाव बदलून, पुन्हा कुणासाठी तरी लावलं. दोन फाइली फोनवर पाठवल्या आणि विचारलं, कुठली बरी? डोंबिवली ते ठाणे मी त्या आलटून पालटून ऐकल्या. मला दोन्ही एकच वाटल्या. तसं कळवलं. तो म्हणाला, दुसऱ्या कडव्यात घुंगरांचा एक थर होता, तो दुसऱ्या फाइलीतून काढलाय.

"अरे, पण तो कुणाला ऐकू येणार आहे?"

"नाही येत. म्हणून तर काढला."

रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला: परत टाकला.